सळई न घालता केलेली टिक

१५ नोव्हेंबर, रविवार. काम: रायफलच्या नळीत सळई घालून पाहणे. अहवाल लिहिणे. उद्या सकाळी सातला मुदीरच्या टेबलावर.

माझ्या कामाच्या वहीत त्या दिवसाची एवढीच नोंद आहे. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर. वहीत मी काम लिहिते, बाकीचं लिहीत नाही. बाकीचं आता लिहिते आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, शॉपमध्ये कोणी नसताना, मी नळी व्ही-ब्लॉकवर ठेवली. मझल ब्रेक परत तिच्या तोंडावर आवळला. मझल ब्रेक म्हणजे बाजूंना भोकं असलेलं एक जाडसर पोलादी टोपण. गोळीमागून येणारा वायू ते बाजूला वळवतं आणि खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. गोळी मात्र त्याच्या मधल्या भोकातून, कुठेही न घासता, सरळ बाहेर पडली पाहिजे. ते तपासायला एक गुळगुळीत सळई असते, नळीच्या भोकात अलगद बसेल अशी. ती ब्रेकमधून नळीत सरकवायची आणि तोंडाशी बघायचं. चारी बाजूंनी सारखी फट दिसली की झालं.

सळई खालच्या कडेला टेकलेली होती. वर चांगली फट, खाली काहीच नाही. बघायला चष्मासुद्धा लागला नाही.

ही तपासणी दीड मिनिटाची आहे. गुरुवारी करायची होती. कामाच्या कार्डावर ‘सळई तपासणी’ असा रकाना आहे, त्यात गुरुवारची तारीख आहे आणि माझी टिक आहे. मी सळई कपाटातून बाहेरही काढली नव्हती.

आमचं मशीन शॉप कुवेतमध्ये, शुवेखच्या औद्योगिक भागात आहे. काम मुख्यतः तेलविहिरींच्या पाइपांचं. पाइपांच्या टोकांना आटे पाडायचे, गेज लावून तपासायचे, पाठवून द्यायचे. तपासणी माझ्याकडे. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी गेज कसा धरायचा ते शिकले आणि इथे अकरा वर्षं तेच करते आहे. पाइपाच्या कामात गेज बसला की माल पास. पाइपाचं भोक बाहेरच्या गोलाला धरून अगदी मधोमध नसलं तरी तेलाला काही फरक पडत नाही, ते वाहतच राहतं. म्हणून आम्ही पाइपवाले बाहेरचा गोल खरा धरतो आणि आटा तपासतो. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एकही माल परत आला नव्हता. हे मी लोकांना न विचारता सांगत असे.

बंदुकीचं काम आमच्याकडे क्वचित येतं. येतं तेही नेमबाजीच्या क्लबमार्फत, परवान्याचे कागद आधी आणि नळी नंतर. ही नळी एका वयस्कर कुवेती गृहस्थांची होती. ते स्वतः आले होते. त्यांचे वडील गलबतावरून मुंबईला खजूर नेत, त्यामुळे घरात हिंदी होती. मला पहिल्या वाक्यापासून ‘बेहेन’ म्हणाले.

“डॉक्टर बोलता है, शूटिंग बंद करो,” ते खांदा दाखवत म्हणाले. त्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं. “मैं बोला, कंधा बुड्ढा हुआ, बंदूक तो जवान है. कुछ करो बेहेन.”

“हो जाएगा,” मी म्हणाले.

नळीच्या तोंडावर आटे पाडून मझल ब्रेक बसवायचं काम लेथवर मामांनी करायचं होतं. मामा आमचे सगळ्यात जुने टर्नर, मूळचे कोल्हापूरकडचे, साठीला टेकलेले. मी आल्या दिवसापासून त्यांना मामा म्हणते. माझं ऐकून शॉपमधला केरळचा क्रेनवाला, नेपाळी वेल्डर, इजिप्तचा मुदीर, सगळेच त्यांना मामा म्हणतात. आपण कोणाला काय म्हणतोय ते त्यांना ठाऊक नाही. मामांना हिंदी कामापुरती येते, इंग्रजी शब्दांपुरती. मुदीरला हिंदी येत नाही. म्हणून दोघांच्या मधे मी. मुदीरचं इंग्रजी मराठीत आणि मामांचं मराठी इंग्रजीत करायचं काम माझं. कोणी नेमून दिलेलं नाही, पण पहिल्यापासून माझंच.

गुरुवारी दुपारी बारा वाजता मामांनी नळी चार जबड्यांच्या चकात धरली. बाहेरच्या अंगाला डायल, म्हणजे गोल फिरताना किती डगमगतो ते दाखवणारं काट्याचं यंत्र, लावला. काटा जेमतेम दोन रेघा हलत होता.

“झालं की,” मी म्हणाले. “पाडा आटे.”

मामा चक हाताने फिरवत राहिले. “ताई, बाहेरचा गोल आणि आतलं भोक एक नसतंय. ह्ये बंदुकीचं हाय. मधनं धरूया. भोकात पिन घालून तिच्यावर डायल लावतो. दोन्ही टोकांनी बघाय लागंल.”

“किती वेळ?”

“तास. सव्वा तास.”

मला तीन वाजता निघायचं होतं. त्या संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. मिरकाबच्या केटररकडून श्रीखंडाचे डबे मीच उचलणार होते. शुक्रवार-शनिवार शॉप बंद. शनिवारी सकाळी त्या गृहस्थांना रेंजवर जायचं होतं.

“मामा, आटा गेजला बसला पाहिजे. गेज माझ्याकडे आहे.”

“गेज आट्याचा, ताई. भोकाचा न्हवं.” मग हसून म्हणाले, “गोळीला कुटं ठावं, ताईंनी गेज लावलाय म्हणून?”

बाजूचा वेल्डर शब्द न कळताही हसला. मला ते आवडलं नाही.

“कीर्तन नको मामा, काम करा.”

“तुमी म्हंताय तर करतो.” त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि लेथ चालू केला.

आटे सुंदर पडले. मामांचे आटे नेहमीच सुंदर पडतात. गो गेज, जो बसायला हवा तो, लोण्यासारखा फिरला; नो-गो, जो बसायला नको तो, पहिल्याच आट्यात अडला. ब्रेक बसला, नळीच्या खांद्याला टेकला, बाजूची भोकं समोरासमोर आली. मामांनी टर्नरच्या जागी सही केली. मी नळी ट्यूबलाइटकडे धरून डोळ्याने आरपार पाहिली. गोल उजेड दिसला. सळई कपाटात, कपाटाची चावी वर ऑफिसात, घड्याळात तीनला दहा. मी टिक केली.

मामा बघत होते. माझ्या टिकेवर शॉपमध्ये कोणी बोलत नसे.

कार्यक्रम छान झाला. श्रीखंड पुरलं.

शनिवारी त्या गृहस्थांनी दोन गोळ्या झाडल्या. पहिली निशाणाच्या कागदावरही लागली नाही. दुसरीने ब्रेकच्या पुढच्या भिंतीची कपची उडवली. ती शेजारच्या बाकाच्या लाकडात रुतली. शेजारच्या बाकावर त्या वेळी कोणी बसलेलं नव्हतं, यात माझं कर्तृत्व काही नाही.

रविवारी सकाळी आठला मुदीरने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नळी, कपची उडालेला ब्रेक आणि कार्ड. त्याने कार्ड मामांच्या सहीच्या बाजूने धरलं होतं. माझी टिक त्याच्या अंगठ्याखाली होती.

“हे कसं झालं?” त्याने मला इंग्रजीत विचारलं. “आटे वाकडे पडलेत. नळी कोणी धरली?”

मी म्हणाले, “चकात धरणं टर्नरचं काम असतं.”

वाक्यात चूक काहीच नव्हती. टर्नरचंच काम असतं. आजही ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम बदलते.

मुदीर मामांकडे वळला. “व्हाय?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नेहमी पाहतात तसंच, म्हणजे आता मी बोलतो आणि तुम्ही तिकडे सांगा. “ताई, त्येस्नी सांगा की, मी मधनं धरूया म्हणत होतो. तास लागंल म्हणालो. येळ न्हवता म्हणून बाहेरनं धरलं. माझंबी चुकलंच, मी ऐकायला नको हुतं. पर म्हणालो हुतो, येवढं सांगा.”

मुदीर माझ्याकडे बघत होता. मामाही. 

“ही सेज ही इज सॉरी,” मी म्हणाले.

मामांना इंग्रजी शब्दांपुरतीच येते. पण सॉरी हा शब्द त्यांना येतो. एवढं बोललेलं चार-पाच शब्दांत मावत नाही, हेही त्यांना कळतं. त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि टेबलावरच्या नळीकडे पाहिलं. मग मुदीरला स्वतःच म्हणाले, “आय मेक, सर.”

मुदीर वाईट माणूस नाही. घाबरलेला होता. क्लबचा फोन आला होता, कंपनीच्या मालकाचा आला होता. तो म्हणाला, मामांचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, या महिन्यात संपतोय, नवा करायचे कागद मंदूबकडे आहेत. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं फिरवणारा माणूस. ते कागद परत मागवतो, म्हणाला. नवा करायचा नाही. त्यासाठी कारण लेखी लागेल. “या मुहंदिसा, अहवाल तू लिही. टर्नरची चूक, दोन ओळी. उद्या सकाळी सात.” मुहंदिसा म्हणजे इंजिनिअर बाई, तो मला तसंच म्हणतो.

मामांना हे मी मराठीत सांगितलं. सगळं, नीट, एक शब्द न गाळता. याचं भाषांतर मला जमलं.

साठीच्या, डिग्री नसलेल्या माणसाला इथे दुसऱ्या कंपनीत अकामा मिळणं फार अवघड. मामांची धाकटी मुलगी मिरजेला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती पास झाली की मेमध्ये आपण होऊन जायचं, असं ते वर्षभर सांगत होते. लेथ कोणाच्या हाती द्यायचा तेही त्यांनी ठरवलं होतं.

सळई घालून पाहिली ती त्यानंतर, दुपारी. पाहिलं आणि नळी पुसून जागेवर ठेवली. कोणाला बोलले नाही.

चार वाजता मामा माझ्या टेबलाशी आले. माझा एक जुना डायल त्यांच्याकडे असायचा, मी नाशिकहून आणलेला. तो त्यांनी तेलाच्या कागदात गुंडाळून आणला होता.

“मॅडम, ह्यो तुमचा डायल. साफ करून ठिवलाय.”

अकरा वर्षांत ते मला पहिल्यांदा मॅडम म्हणाले.

“राहू द्या मामा तुमच्याकडेच.”

“नको. मोजदाद हुईल आता. तुमची वस्तू तुमच्याकडं बरी.” आणि गेले. दाराशी क्रेनवाल्याने “मामा, चाय?” म्हणून हाक मारली, तेव्हा त्याला नेहमीसारखा हात केला.

फिंतासला घरी पोचेपर्यंत सहा वाजले. नवरा पेट्रोकेमिकलमध्ये आहे, चुकांच्या अहवालांची त्याला सवय. चहा पिता पिता मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळं. भाषांतराचं सांगितलं नाही.

तो म्हणाला, “तुझी टिक आहे, तर तुझ्यावरही येणार थोडं. पण अगं, ते साठीला आले ना? मेमध्ये जाणारच होते. पाच-सहा महिने अलीकडे, एवढंच.”

मला हायसं वाटलं. तेच मला लिहायला सगळ्यात जड जातंय. खोटं बोलले त्याहूनही हे जड. कोणीतरी समोर बसून मला सोयीचं बोललं आणि मी चहात बिस्किट बुडवून ‘तेही खरंच’ म्हणाले.

मुलगी सोफ्यावर फोन बघत होती. ती आमच्या बोलण्यात कधी नसते आणि उत्तर द्यायचंच झालं तर इंग्रजीत देते. मान वर न करता म्हणाली, “बट डिड ही टेल यू टु डू इट द अदर वे?”

“हो.”

“अँड यू टोल्ड देम दॅट?”

“भाजी चिरायला घे,” मी म्हणाले.

तिने भाजी चिरली. मी लॅपटॉप उघडून मुदीरला हव्या होत्या त्या दोन ओळी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या. ‘नळी धरताना टर्नरकडून अक्ष साधला गेला नाही.’ एकही शब्द खोटा नाही. वाचून पाहिलं आणि लक्षात आलं, सकाळपासून मी हेच करते आहे, खोटा शब्द न वापरता. अकरा वर्षांचा माझा स्वच्छ हिशेबही असाच असेल का, हाही विचार मनात आला. कितीदा मामांनी आपणहून मधून धरलं असेल आणि टिक माझी झाली असेल. मला माहीत नाही. ते कधी बोललेच नाहीत.

मी त्या दोन ओळी पुसल्या आणि क्रमाने लिहून काढलं. बारा वाजता टर्नर काय म्हणाला. तपासनीस काय म्हणाली. सळई घातली नाही. टिक केली. रविवारी सळई घातली, काय दिसलं. शेवटी एक ओळ: रविवारी सकाळी टर्नरचं म्हणणं तपासनिसाने चुकीचं सांगितलं. एक पान झालं. स्वतःला ‘तपासनीस’ म्हटल्यामुळे लिहिणं सोपं गेलं, म्हणून प्रत्येक ठिकाणी खोडून ‘मी’ केलं. मग भात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी शॉपमध्ये होते. मामा लेथवरचा कीस झाडत होते.

“मामा, माझ्याबरोबर आत चला.”

“सही पायजे व्हय कागदावर?”

“नाही. मी बोलणार आहे, तुम्ही फक्त उभे राहा.”

केबिनमध्ये मुदीर चहा घेत होता. मी कागद ठेवला, शेजारी कार्ड ठेवलं, टिकेची बाजू वर. म्हणाले, “काल मामा जे बोलले ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.” आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मधून धरूया म्हणाले, तास लागेल म्हणाले, वेळ नव्हता म्हणून बाहेरून धरलं, माझंही चुकलं, पण म्हणालो होतो. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज बारीक झाला. मी ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

“वेळ कोणाला नव्हता?” मुदीरने विचारलं.

“मला.”

“आणि ही टिक?”

“माझी. सळई कपाटात होती.”

त्याने कागद शेवटपर्यंत वाचला. “इलेव्हन यिअर्स, या मुहंदिसा,” एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने मंदूबला फोन लावला आणि अरबीत सांगितलं की मामांचे कागद परत आणू नकोस, पुढे जाऊ दे. ताकीदपत्र माझ्या नावाचं निघेल, असं मला सांगितलं. तीन महिने माझ्या प्रत्येक टिकेच्या खाली दुसरी सही लागेल.

“कोणाची?”

त्याने मामांकडे बोट केलं. हे सगळं मी मामांना मराठीत सांगितलं.

मग मुदीर म्हणाला, त्या गृहस्थांना फोन तू कर, आत्ता, माझ्यासमोर. मी केला. नळीचं तोंड कापून नवे आटे पाडून देऊ, नवा ब्रेक मागवू, नळी बोटभर आखूड होईल, हे सांगितलं. चूक टर्नरची नव्हती, माझी होती, हेही सांगितलं.

मग ते म्हणाले, “बेहेन, मैंने तो उस मिस्त्री को दो दिन गाली दिया. सारे क्लब के सामने. अब वो वापस कैसे लूँ?”

मामांना विचारते, असं काहीतरी म्हणाले आणि फोन ठेवला.

मामा तोवर लेथकडे गेले होते. मी गेले तेव्हा नळी चकात चढवून झाली होती. मी तेलाच्या कागदातला डायल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलून लावला. मी काही बोलणार होते, पण ते नळीत वाकून बघत होते.

“मॅडम, पिन,” हात पुढे करून म्हणाले.

मी पिन दिली. त्यांनी ती भोकात सरकवली, तिच्यावर डायल टेकवला आणि चक हाताने फिरवायला लागले. काटा इतका हलला की दोघांनाही दिसला. एक जबडा सैल, समोरचा घट्ट, पुन्हा फिरवायचं. मग दुसरं टोक, मग परत पहिलं. सव्वा तास लागला. मी बाजूला दिवा धरून उभी होते, आणि माझं नाव केबिनमधून दोनदा पुकारलं गेलं तरी हलले नाही.